नवसागर, टाकणखार आणि चुन्याची निवळी



या स्मृतिव्याख्यानमालेचे निमंत्रण स्वीकारताना ‘नित्याच्या व्यवहारातील रसायन’ हा विषय मी कळविला, तेव्हा मंडळाच्या एका उत्साही कार्यकर्त्याने मोठ्या अदबीने अशी सूचना केली की, टेबलावर चार काचेची भांडी मांडून, एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतताच तिसराच रंग उमटतो, मधूनच भपकन धूर निघतो, असे काही करून दाखविले तर सभागृह भरेल. सभागृह त्याविनाही भरले आहे, याबद्दल मी आपला ऋणी आहे. परंतु टेबल रिकामे आहे आणि ते मी हेतुपुरस्सर रिकामे ठेवले आहे. रंग बदलणाऱ्या पाण्याला मुले टाळ्या पिटतात खरी, पण त्या टाळ्यांबरोबरच रसायन ही शाळेच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या बाटल्यांतील काही अद्भुत चीज आहे आणि आपल्या घराशी, गल्लीशी, आईच्या पदराशी तिचा काडीइतका संबंध नाही, असा समजही त्यांच्या मनात कायमचा घर करून बसतो. मायकेल फॅरडे याच्या हाताशी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनची अवघी प्रयोगशाळा होती. तरी मुलांपुढे व्याख्याने देण्याची वेळ आली तेव्हा त्याने उचलली ती एक साधी मेणबत्ती. १८४८ साली आणि पुन्हा १८६०–६१ च्या नाताळात त्याने त्या एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली, आणि ती पुस्तकरूपाने आजही वाचली जातात.

आपल्या घोडपदेवच्या वस्तीला मेणबत्तीचीही गरज नाही. एका अंगाला राणीची बाग, दुसऱ्या अंगाला दारूखाना, वर कॉटन ग्रीनची कापसाची गुदामे आणि काळाचौकी, अशा चतुःसीमेच्या आत राहणाऱ्या माणसाच्या नित्य दृष्टीस जे पडते, तेवढ्यावर रसायनाचा निम्मा अभ्यासक्रम शिकविता येईल. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी रात्रशाळेत दिवसपाळी करून आलेल्या माणसांना शिकवीत, आणि अशा माणसांपुढे केवळ नवलाच्या गोष्टी सांगून भागत नसते, ती ‘का?’ म्हणून विचारतात. त्या ‘का’चे उत्तर एके ठिकाणी सापडले की तेच उत्तर हाती घेऊन भलत्याच ठिकाणचे कोडे सोडविता येते, आणि माझ्या मते या शास्त्राची खरी गोडी तिथे आहे.

कल्हईवाल्याचेच पाहा. चाळीच्या चौकात खळगा करून त्यात निखारे पेटवायचे, बाजूला चामड्याचा भाता लावायचा आणि बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून जमा झालेली तांब्यापितळेची भांडी एकामागून एक त्या आगीवर धरायची, हा देखावा आता क्वचित दिसतो. परंतु आपणांपैकी अनेकांनी लहानपणी उकिडवे बसून तो तासन्‌तास पाहिला असेल. ताक, आमटी, चिंचेचे सार यांतील आम्ल तांब्याशी संयोग पावून त्याचे क्षार बनविते आणि पदार्थ कळकतो, म्हणून तांबे व अन्न यांच्यामध्ये कथलाचा पडदा घालणे आवश्यक. कथील अवघ्या २३२ अंशांवर वितळते, तांबे १,०८५ अंशांवर. तेव्हा भांडे न वितळता त्याच्यावर कथील पातळ होणे ही काही अडचण नव्हे. अडचण वेगळीच आहे. तापलेल्या तांब्यावर हवेतील प्राणवायूमुळे क्षणात काळपट ऑक्साइडाचा थर चढतो आणि त्या थराला कथील चिकटत नाही. पाण्याचे थेंब तेलकट ताटावर इकडून तिकडे पळावेत तसे ते पळत राहते. भांडे वाळूने कितीही घासून चकचकीत करा, आगीवर धरताच थर पुन्हा हजर.

या पेचातून कल्हईवाला चिमूटभर नवसागराने सुटतो. तापल्या भांड्यात नवसागराची पूड पडताच तिचे विघटन होऊन दोन वायू निघतात: एक अमोनिया, ज्याने आपल्या नाकाला झिणझिण्या येत, आणि दुसरा हायड्रोजन क्लोराइड, म्हणजे मिठाच्या तेजाबाचे वायुरूप. हा दुसरा वायू ऑक्साइडावर तुटून पडतो, त्याचे क्लोराइड करून तो उडवून वा पुसून काढतो, आणि खालचे तांबे निमिषभर उघडे पडते. त्या निमिषातच कारागिराने कथलाची कांडी टेकविलेली असते, कापसाचा बोळा फिरविलेला असतो, आणि रुपेरी झळाळी भांड्याच्या तळापासून काठापर्यंत धावत जाते. कथील तेथे नुसते पसरत नाही. स्पर्शाच्या रेषेवर तांबे व कथील एकमेकांत मिसळून मिश्रधातूचा एक अतिसूक्ष्म थर तयार होतो, म्हणून कल्हई पोपड्यासारखी निघून येत नाही, वापराने झिजत जाते. आणि तो पांढरा धूर? नवसागरातून फुटून निघालेले दोन वायू थोडे वर जाऊन निवले की पुन्हा एकमेकांस भेटतात आणि मूळचा नवसागरच सूक्ष्म कणांच्या रूपाने हवेत तरंगू लागतो. एकाच पदार्थाचे विभक्त होणे आणि पुन्हा एकत्र येणे हातभर अंतरात दाखविणारा यापेक्षा नेटका प्रयोग कुठल्याही महाविद्यालयात माझ्या पाहण्यात नाही.

आता हेच कारण घेऊन लोहारचाळीत किंवा रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीत जा. डाख देणारा कारागीर आपल्या तापल्या हत्याराचे टोक नवसागराच्या वडीवर घासतो किंवा डाखेबरोबर राळ वापरतो. राळेतही आम्ले आहेत. त्यांचे काम तेच, धातूवरचा ऑक्साइडाचा पडदा क्षणभर दूर करणे. कल्हईचा भेद ज्याला उमगला त्याला डाखेचा भेद फुकट मिळाला.

दुसरे उदाहरण घरातले आहे, आणि ते सांगताना मला विशेष आनंद होतो, कारण या प्रयोगाची मालकी सर्वस्वी स्त्रियांकडे आहे. जेवताना सदऱ्यावर आमटीचा शिंतोडा उडतो, पिवळा डाग पडतो, आणि धुताना त्यावर साबण लागताच तो लालभडक होतो. अनेक गृहिणींना वाटते की साबणातच काही खोट आहे. वास्तविक साबण अल्कधर्मी असतो आणि हळदीतील कर्क्युमिन, जे १८१५ साली प्रथम हळदीतून वेगळे काढण्यात आले, ते अल्काच्या सान्निध्यात तांबडे होते. भरपूर पाण्याने खळबळून काढा, लिंबाचा थेंब टाका, पिवळा रंग परत येतो. मात्र डाग जातो तो दोरीवर, कारण कर्क्युमिनाला सूर्यप्रकाश सोसत नाही. चुन्याची डबी ज्याच्या खिशात आहे, त्याने तळहातावर हळदीची चिमूट घेऊन त्यात बोटभर चुना मळून पाहावा. तोच तांबडा रंग उमटेल, लिंबू पिळताच मावळेल.

परंतु येथे एक शंका कोणी काढीलच, आणि काढावी. पंढरपूरचे किंवा केमचे अस्सल कुंकू तेही हळदीचेच. मग त्यावर आंबटाचा काहीच परिणाम का होत नाही? परिणाम होत नाही एवढेच नव्हे, ते कुंकू करतानाच हळकुंडाला लिंबाचा रस पाजावा लागतो. जो आम्लरस सदऱ्यावरची लाली पुसतो, त्यानेच कुंकवाची लाली सिद्ध व्हावी, हा विरोध नुसत्या निरीक्षणाने सुटणारा नाही. त्याची उकल लिंबाच्या रसाबरोबर घातल्या जाणाऱ्या टाकणखारात आहे. टाकणखारात बोरॉन नावाचे मूलद्रव्य असते. लिंबाच्या रसातील आम्लाने टाकणखारातील बोरिक आम्ल मोकळे होते, आणि आम्लाच्या उपस्थितीतच कर्क्युमिनाचे रेणू बोरॉनच्या एकेका अणूला दोन बाजूंनी कवटाळून एक नवाच तांबडा पदार्थ निर्माण करतात. ती लाली सदऱ्यावरील लालीची सख्खी तर नाहीच, चुलत बहीणही नाही. दिसण्यात सारखी, कुळाने निराळी. पुढे युरोपातील रसायनज्ञांनी याच क्रियेवर बोरिक आम्ल ओळखण्याची परीक्षा बसविली: हळदीच्या अर्कात बुडवून वाळविलेल्या कागदावर संशयित द्रावाचा थेंब टाकून तो सुकू द्यायचा, कागद तांबडा झाला आणि वर अल्क पडताच हिरवट काळा पडला, तर बोरॉनची रुजुवात झाली. जुन्या काळी दुधात बोरिक आम्लाची भेसळ हुडकण्यास हाच हळदीचा कागद उपयोगी पडे. बाजारातील आजचे बहुतेक कुंकू कृत्रिम रंगाचे असते, त्याच्याकडून ही कैफियत वदविता येणार नाही, हेही येथेच सांगून टाकतो.

येथून पूर्वेकडे वळू. लोखंडाच्या बाजारातून जाताना पत्र्यांच्या, सळयांच्या आणि फोडलेल्या जहाजांच्या तुळयांच्या राशींवर जो तांबूस थर दिसतो, तो गंज म्हणजे लोखंडाची झीज, असे आपण म्हणतो. वजनाने मात्र ती वाढ आहे. सात शेर शुद्ध लोखंड पूर्णपणे गंजले तर गंजातील पाणी वगळूनही दहा शेर भरते, कारण तीन शेर प्राणवायू हवेतून येऊन त्याला मिळालेला असतो. समुद्राचे खारे वारे ही क्रिया जलद करतात, गंजताना लोखंडावर सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहत असतो आणि क्षारयुक्त पाण्यातून तो सुलभतेने वाहतो म्हणून. या क्रियेत उष्णताही निघते, पण ती वर्षानुवर्षे इतकी सावकाश निघते की कोणाच्या हाताला जाणवत नाही. तेच लोखंड किसासारखे बारीक करून फुलबाजीत घाला, ते ठिणग्या उडवीत जळते. संयोग तोच, प्राणवायू तोच, फरक वेगाचा.

हा सावकाश संयोगही निरुपद्रवी नसतो. जहाजाच्या पोटातील एखादी पोलादी टाकी महिनोन्‌महिने बंद राहिली की तिच्या भिंती आतल्या आत गंजत राहतात आणि टाकीतील हवेचा प्राणवायू खाऊन टाकतात. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेला की माणूस कसलाही वास, कसलीही चाहूल न लागता भोवळ येऊन पडतो, आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही त्याच्याशेजारी पडतो. जहाजफोडीच्या धंद्यात झाकण उघडल्यावर हवा खेळविल्याशिवाय आणि प्राणवायू मोजल्याशिवाय आत उतरू नये, या नियमामागे विषारी वायूंचे भय जितके आहे तितकेच साध्या गंजाचेही आहे. हे ज्यांना सर्वांआधी ठाऊक असायला हवे त्यांनाच बहुधा कोणी सांगितलेले नसते.

वेगाची दुसरी सीमा या वस्तीने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिली. व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि त्याच जहाजात कराचीस चढविलेल्या कापसाच्या गासड्याही होत्या. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. दाबून बांधलेल्या गासडीच्या तंतूंत हवा अडकून राहते, त्यामुळे आग बाहेरून विझली तरी आत धुमसत राहते आणि पाणी त्या गाभ्यापर्यंत सहजी पोचत नाही. दुपारी लक्षात आलेली आग चार वाजण्याच्या सुमारास स्फोटकांना भिडली. गासडीला जळण्यासाठी बाहेरच्या प्राणवायूची वाट पाहावी लागते. स्फोटकाला ती पाहावी लागत नाही, त्याचा प्राणवायू त्याच्याच रेणूंत किंवा मिश्रणात बांधलेला असतो. ज्या दारूवरून शेजारच्या दारूखान्याला नाव पडले, तिच्यातही शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोरा असतो तो याचसाठी. उरलेला पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक यांना प्राणवायू पुरविण्याची तजवीज सोऱ्यानेच केलेली असते. म्हणून हवा कोंडून साधी आग विझते, दारूची विझत नाही. त्या दिवशी दोन स्फोटांत शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिलपासून देशभर पाळला जाणारा अग्निशमन सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे. भायखळ्याच्या मुख्यालयावरून जाताना हे ठाऊक असावे.

आता ज्या गृहस्थांसाठी मी अधिक वेळ राखून ठेवला आहे, त्यांच्याकडे येतो. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या मागील आवारात इंग्रजी अमदानीतील पुतळे आणून ठेवले आहेत. त्यांत व्हिक्टोरिया राणीचा एक संगमरवरी पुतळा आहे. मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने तो घडविला, बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी तो मुंबईस नजर केला आणि १८७२ साली तो कोटाच्या भागात उभा राहिला. १८९६ च्या ऑक्टोबरात एका रात्री कोणी त्याच्या तोंडाला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. हे कृत्य पुण्याच्या चापेकर बंधूंचे, हे दामोदर चापेकरांच्या कबुलीने पुढे उघडकीस आले. त्याचा राजकीय अर्थ आपण जाणता. माझ्यासारख्याला मोह पडतो तो त्या डागाचा.

सरकारच्या दृष्टीने प्रश्न अब्रूचा होता, पण सुटायचा होता तो रसायनाने. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या भिंतीवरचा चुनाही अखेर तोच पदार्थ होतो: चुनखडी किंवा शिंपले भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापविले की शंभर भागांतून चव्वेचाळीस भाग कर्बद्विप्राणिल, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, वायू निघून जातो आणि छप्पन्न भाग कळीचा चुना राहतो, त्यावर पाणी पडताच तो फुगून, तडतडून, वाफा सोडीत विरतो, आणि भिंतीवर लावल्यावर हवेतून तोच गमावलेला वायू हळूहळू परत घेऊन पुन्हा दगड होतो. शीवजवळच्या चुनाभट्टीचे नाव अशाच भट्ट्यांवरून पडले. तेव्हा राणीचा पुतळा आणि चाळीची पांढरी भिंत ही रासायनिक दृष्ट्या सगोत्र आहेत. आता या दगडावर डांबर बसले. आम्ल लावावे तर डांबर जागच्या जागी राहून दगडच फसफसून विरघळणार. खरवडावे तर तुळतुळीत पृष्ठभाग कायमचा जाणार. पाण्याला डांबर जुमानत नाही. आणि संगमरवराच्या कणांमधल्या सूक्ष्म फटींत ते खोल शिरलेले. डांबराला खाईल पण दगडाला शिवणार नाही, असे काहीतरी हवे होते. इतरांचे उपाय थकल्यावर हे काम विल्सन कॉलेजातील रसायनाचे अध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी तडीस नेले आणि पुतळा पूर्ववत पांढरा केला. एका हिंदी प्राध्यापकाने हे साधले, याचा त्या काळी मोठा बोलबाला झाला.

गज्जर मूळचे सुरतेचे, सुतारकाम करणाऱ्या घराण्यातले. राणीचे तोंड उजळले हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत गाजलेला प्रसंग असला, तरी मला तो सर्वांत मोठा वाटत नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यास कलाभवन काढले त्याचे ते पहिले प्रमुख. रंगाऱ्यांना, छिप्यांना त्यांच्या परंपरागत हुनराची कारणमीमांसा कळावी आणि ती त्यांच्या स्वभाषेतच कळावी, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी देशी भाषांतून शास्त्रीय ग्रंथ आणि परिभाषा सिद्ध करण्याचे काम महाराजांच्या आश्रयाने त्यांनी हाती घेतले. १८९९ च्या सुमारास गिरगावात त्यांनी स्वतःची तांत्रिक रसायनशाळा उघडली, आणि १९०७ साली बडोद्यात उभ्या राहिलेल्या अलेंबिक कारखान्याच्या मुळाशी ते व त्यांचे शिष्य होते. मातुंग्याचे रसायन-तंत्रज्ञानाचे विद्यालय १९३३ साली मुंबई विद्यापीठाने स्थापिले, म्हणजे गज्जरांच्या प्रयोगशाळेनंतर तीस-पस्तीस वर्षांनी. आपल्याकडे कारागिराला कारण सांगण्याचे काम मागे पडले आणि पदवीधराला सूत्र पाठ करविण्याचे काम पुढे गेले, ही माझी जुनी तक्रार आहे. वयोमानामुळे ती मी पुनःपुन्हा मांडतो, क्षमा असावी.

मुलांनी घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो आणि आपली रजा घेतो. पानाच्या गादीवरून बोटभर चुना आणून तो पेलाभर पाण्यात ढवळावा आणि रात्रभर निवळत ठेवावा. सकाळी वरचे स्वच्छ पाणी, म्हणजे निवळी, अलगद दुसऱ्या पेल्यात ओतून घ्यावी. मग कागदाची नळी तीत बुडवून सावकाश फुंकावे. फुंकावे म्हणतो, ओढू नये, चुन्याने तोंड भाजते, आणि शिंतोडा डोळ्यांत जाऊ देऊ नये. थोड्याच वेळात निवळी दुधासारखी पांढरी होईल, कारण उच्छ्वासातील कर्बद्विप्राणिलाने चुन्याचा पुन्हा दगड केला, तोच भिंतीवरचा, तोच पुतळ्याचा. बहुतेक पुस्तके येथे थांबतात. मुलांनी थांबू नये, धीर धरून आणखी बराच वेळ फुंकत राहावे. पांढरेपणा हळूहळू नाहीसा होऊन पाणी परत निर्मळ होऊ लागेल, कारण वायूचे प्रमाण वाढले की तो दगडच पाण्यात विरघळतो. पावसाच्या पाण्यातही हा वायू असतो, आणि गिरण्यामोटारींच्या धुरातील गंधकाचे आम्ल त्यात भर घालते. म्हणून उघड्यावर ठेवलेल्या कोणत्याही संगमरवरी पुतळ्याचे नाक, बोटे, वस्त्रांच्या चुण्या दर पावसाळ्यात थोड्या थोड्या बोथट होत जातात. डांबराला उतारा सापडला, पण या पाण्यावर छप्पर घालण्यावाचून दुसरा इलाज नाही. आणि पेल्यातले निर्मळ झालेले पाणी तापविले असता काय होते, हे पाहून ज्यांना कारण सांगता येईल त्यांनी मंडळाच्या पत्त्यावर मला जरूर लिहावे.